नाक्यावरची राखण

मार्गशीर्षात आमच्या भागात जे धुकं पडतं ते वरून उतरत नाही, जमिनीतून निघतं. काळ्या रानाच्या भेगांतून हळूहळू वर येतं, हरभऱ्याच्या पानांवर आंब, ते आंबट दव, ठेवतं, करडईच्या काट्यांना लोंबतं आणि ज्वारीच्या निसवत्या कणसांपर्यंत पोचलं की तिथंच थांबतं. मग शेतातून चाललेला माणूस दिसत नाही. नुसतं त्याचं मुंडासं तरंगत चाललेलं दिसतं. लहानपणी आम्ही त्या मुंडाशांना हाका मारायचो आणि मुंडासं वळून बघायचं. त्यात भिण्यासारखं काही वाटलं नव्हतं. भीती माझ्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात शिकले, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

परवा धाराशिवात असंच धुकं पडलं. गच्चीवर उभी होते, खालचा रस्ता पुसून गेला होता, नुसते गाड्यांचे आवाज येत होते. तेवढ्यात नातीचा फोन आला. ती नोकरीसाठी परदेशात असते. म्हणाली, "आजी, आम्ही कुत्रं घ्यायचं म्हणतोय. पण इथं आधी जात ठरवावी लागते. घर केवढं, हवा कशी, घरात लहान मूल येणार आहे का, सगळं बघून. तुला काय वाटतं, कुठली घ्यावी?"

मी काहीतरी बोलले. मग फोन ठेवला. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मला एकदा एका बाईनं विचारला होता. तीही परमुलखात राहत होती. तिचा परमुलूख म्हणजे आमचं गाव.

आमच्या गावाच्या मावळतीला, सोलापूरकडं जाणाऱ्या आडरस्त्यावर, जुना जकातनाका होता. निजामाचा मुलूख तिथं संपायचा, पलीकडं इंग्रजाचा सुरू व्हायचा. दगडी बसकं घर, पुढं लांब दालान, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन दगडी खांब. खांबांवर लाकडाची आडकाठी असायची. ती उचलली की वाट मोकळी, टेकवली की बंद. पुढं संस्थान विलीन झालं, नाका उठला, आडकाठी कुणीतरी सरपणाला नेली. खांब मात्र उभेच राहिले. बैलगाडी त्यांच्यामधून जाताना गाडीवान अजूनही कासरा आवळायचे, उगाचच.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. नदीवर मातीचं धरण बांधायचं काम निघालं आणि त्या कामावर हॉलंडहून एक इंजिनियर आला. यान त्याचं नाव. बायको आनेके. त्यांना राहायला नाक्याचं घर डागडुजी करून दिलं. यानसाहेब आठवडाभर धरणावर तंबूत राहायचे आणि शनिवारी जीपमधून घरी यायचे. आनेकेला कुणाची तरी सोबत हवी होती, आणि तिचं बोलणं लोकांना, लोकांचं तिला सांगणारंही कुणी हवं होतं. माझे वडील, अण्णा, गावच्या शाळेत मास्तर. निजामाच्या काळात उर्दूतून शिकवायचे, विलीनीकरणानंतर तेच धडे मराठीतून शिकवायला लागले. मी सोलापूरला मामाकडं राहून मॅट्रिक झालेली, फाल्गुनात लग्न व्हायचं होतं. अण्णा म्हणाले, "तवर जात जा तिच्याकडं. तेवढंच विंग्रजी सुधारंल."

आनेके म्हणायला गावाची जीभ वळत नव्हती. कानडी मुलूख जवळ, त्यामुळं बायका तिला 'आनक्का' म्हणायला लागल्या. उंच, हाडापेरानं मोठी, नाकावर ठिपके. सैल झगा घालायची, आणि तो सैल का हे बायकांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. तिला दिवस गेले होते.

ती मला एका सकाळी दालानात बसून म्हणाली, "मला कुत्रं पाहिजे. आमच्या घरी मूल यायच्या आधी कुत्रं आणतात. म्हणजे कुत्र्याला कळतं, घर आपलं आहे आणि मूल पाहुणं आहे. मग ते पाहुण्याला सांभाळतं." मग तिनं कुत्र्यांच्या चित्रांचं एक जाड पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. "इथल्या हवेला कुठली जात चालेल? ऊन सोसणारं हवं. गरीब माणसावर भुंकणारं नको. मुलाच्या अंगावर जाणारं तर नकोच."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा अण्णा हसले. "माणसांच्या जाती लिवता लिवता दमलो शाळंत. आता कुत्र्याच्या ऱ्हायल्या व्हत्या." आमच्याकडं कुत्रं कुणी निवडत नाही. ते येतं. दारात बसतं, भाकरीचा तुकडा खातं, आणि एक दिवस घरातल्या माणसानं दगड उचलला की शेजारचा म्हणतो, 'अरं, तुमचंच हाय की ते.'

तसंच आमच्याकडं आलेलं एक तांबूस कुत्रं होतं, तांब्या. मी जाईन तिथं मागं यायचा. मी आनेकेला म्हटलं, हाच ठेवा. दुसऱ्या दिवशी मी नाक्याकडं निघाले, तांब्या पुढं पुढं पळत होता. खांबापाशी आला आणि बसला. मी पुढं जाऊन हाक मारली. तो शेपटी हलवायचा, जमिनीला घासून घासून हलवायचा, पण उठायचा नाही. दोरी बांधून ओढला तर पोटावर आडवा झाला आणि मान लांब करून पडून राहिला. आनेकेनं खांबाच्या पलीकडं दूध ठेवलं. त्यानं दुधाकडं पाहिलंच नाही. तो आमच्या पाठीमागं, दालानाकडं बघत होता. दिवस कलल्यावर एकटाच घरी गेला.

अण्णा म्हणाले, "तिथं नाकेदाराचं कुत्रं बसायचं. नाका उठला, नाकेदार हैदराबादेला निघून गेला. आडकाठी गेली, जवान गेले. कुत्र्याला कुणी सांगितलंच न्हाय. मरंपर्यंत त्याच खांबाला बसून व्हतं, आल्यागेल्यावर गुरगुरत. त्याचा वास ऱ्हायला आसंल."

"इतक्या वर्षांनी?" मी विचारलं.

आई चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "दुसरं बोला." भाकरी तव्यावर होती, ती करपेपर्यंत तिनं उलटली नाही.

मार्गशीर्ष लागला की अणदूरला खंडोबाची जत्रा भरते, आणि जत्रा झाली की देव नळदुर्गाला मुक्कामाला जातो. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, म्हणून त्या दिवशी कुत्र्याला कुणी हाड म्हणत नाही. यानसाहेबांच्या जीपमधून आम्ही गेलो. भंडाऱ्यानं रस्ता पिवळा झाला होता आणि त्या पिवळ्यातून उनाड कुत्री राजासारखी फिरत होती. बाया वाकून त्यांच्यापुढं भाकरी ठेवत होत्या. आनेके हे सगळं बघत उभीच राहिली.

जत्रेच्या कडेला भटक्यांची पालं पडली होती. त्यांच्याकडं कारवानी जातीची शिकारी कुत्री होती. निमुळतं तोंड, पोट पाठीला लागलेलं, पाय असे की उभं असतानाही धावल्यासारखं वाटावं. त्यातली एक रेशमी अंगाची मादी आनेकेच्या मनात भरली. पुस्तकात अशी कुठलीच नव्हती, तरी तिच्या मते हीच इथल्या मातीची. विकणाऱ्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "घर कुठं हाय बाईचं?"

"नाक्यावर," मी गावाचं नाव सांगितलं.

त्यानं मादीच्या गळ्यातली दोरी आपल्या मनगटाला गुंडाळून घेतली. "मग दुसरी बघा. ही तिथं ऱ्हायची न्हाय."

"का?"

"आमी त्या रस्त्यानं जातो की पोरी, वर्साला दोनदा. तिथं मुक्काम करत न्हाय. कुत्री ऱ्हात न्हाईत."

मी आनेकेला हे जसंच्या तसं सांगितलं. तिनं दोरीकडं हात पुढं केला. तिला वाटलं, म्हातारा भाव वाढवतोय, म्हणून तिनं वाढीव पैसे मोजून मादी घेतली.

ती मादी तांब्यासारखी खांबापाशी थांबली नाही, जीपमधून आली त्यामुळं असेल. दालानात उतरली, सगळीकडं वास घेतला आणि उजव्या कोपऱ्यापाशी आल्यावर तिच्या पाठीवरचे केस एकामागून एक उभे राहिले, वारा पिकावरून जावा तसे. भुंकली नाही. मागं मागं सरकत अंगणाच्या पार टोकाला जाऊन बसली. भाकरी नाही, दूध नाही. आनेके तिच्याजवळ बसून तिच्या भाषेत काहीतरी बोलत राहायची. मादी ऐकायची, पण बघायची कोपऱ्याकडं. त्या कोपऱ्यात काय होतं? एक मोडकी खुर्ची आणि भिंतीवर पांढऱ्या चुन्याचे पोपडे. बाकी काही नाही.

एका सकाळी मी गेले तेव्हा धुकं नुकतं ज्वारीच्या माथ्याला आलेलं होतं. अंगणात दोरी पडली होती, कुरतडलेली. आनेके पायरीवर उभी राहून बोट दाखवत होती. शेतात कणसांची एक रेघ दुभंगत चालली होती, सरळ, वेगानं, अणदूरच्या दिशेला. कुत्रं दिसत नव्हतं. कणसं नुसती बाजूला होत होती आणि पुन्हा मिटत होती. रेघ दूर गेली, आणि मग तिथं फक्त पीक होतं.

आज विचार करते तेव्हा वाटतं, तिथंच कुणीतरी तिला स्पष्ट सांगायला हवं होतं. गावात म्हातारी माणसं होती, त्यांना माहीत होतं. पण परक्या पोटुशी बाईला असं काही सांगू नये, एवढा शहाणपणा सगळ्यांकडं होता आणि त्याच शहाणपणानं सगळे गप्प होते. मला तर काहीच ठाऊक नव्हतं. माहीत नसलेल्या माणसालाच दुभाषी नेमलेलं होतं.

तिसरं कुत्रं म्हाळू धनगराचं. त्याची मेंढरं त्या दिवसांत आमच्या पड रानात बसायला होती. कुत्रं काळंकुट्ट, लांब केसांचं, एक कान लांडग्यानं फाडलेला. बिब्या म्हणायचे त्याला. म्हातारं होत चाललं होतं, कळपामागं दमायचं, म्हणून म्हाळू म्हणाला, "ऱ्हात असंल तर ठिवा. गुणाचं हाय. राखणीबिगर त्याला दुसरं काय येत न्हाय."

बिब्या खांबापाशी थांबला नाही. दालानातही कचरला नाही. सरळ उजव्या कोपऱ्याकडं गेला, थोडा अलीकडं उभा राहिला आणि मान खाली घालून चालायला लागला. भिंतीपासून निघून अर्धगोल घेत दुसऱ्या भिंतीपर्यंत. पुन्हा माघारी. पुन्हा. मधेच थांबून कोपऱ्यातल्या कशाकडं तरी बघायचा, हलकेच एक पाय पुढं टाकायचा, आणि ते जे काय होतं ते मागं सरलं असावं तसा पुन्हा चालायला लागायचा. धनगराचं कुत्रं चुकार कोकराला असंच कळपात ठेवतं. मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी तिथं कोकरू नव्हतं.

आनेके म्हणाली, "हे काय करतंय?"

"राखतंय."

"काय राखतंय?"

टळटळीत दुपार होती. दालानात ऊन अर्ध्यापर्यंत आलेलं. बिब्याच्या नखांचा फरशीवर आवाज, टक टक टक, आणि बाकी कुठं काही नाही. रात्रीची भीती माणसाला माहीत असते, तिच्यासाठी देवाचं नाव आहे, दिवा आहे. दुपारची भीती उघडी असते. तिच्यापुढं काय लावायचं?

कुत्रं खायचं, प्यायचं, आनेकेच्या हाताला डोकं घासायचं. आणि पुन्हा जाऊन फिरायला लागायचं. दोनचार दिवसांत तिच्या लक्षात आलं की आपण त्या कोपऱ्याच्या कडेनं, अंग चोरून जातोय. माझ्याही आलं. शनिवारी यानसाहेब आले. त्यांनी कुत्र्याला पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, "आपण सोलापूरला घर घेऊ." ते हळू आवाजात, पण ठरवून बोलले.

हे मी घरी सांगितलं. कुत्रं कसं चालतं ते बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. आईनं ती रेघ बघितली. उठली, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, "चल. मला बघू दे." माझ्या आठवणीत आई त्या घराची पायरी कधी चढलेली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

दालानात आल्यावर आई भिंतीला धरून उभी राहिली. बिब्या फिरत होता.  मग खालीच बसली आणि मला म्हणाली, "हिला सांग. म्या सांगते तसं सांग. गाळू नको."

आई एकेक वाक्य बोलत होती आणि मी ते इंग्रजीत सांगत होते. मी ती हकीकत पहिल्यांदा ऐकत होते, आणि ऐकल्याबरोबर माझ्याच तोंडानं ती दुसऱ्या भाषेत ऐकत होते.

"माझी धाकटी भन, धुरपा. तिला पलीकडच्या मुलखात दिलेली. पैलं बाळंतपण म्हनून माहेराला येत व्हती गाडीतनं. लढाईचे दिस. कापड मिळत न्हवतं. बाया पोटाला कापड गुंडाळून, गरवार हाय म्हनून नाक्यावरनं न्यायच्या. तर नाकेदार म्हनला, हिच्या पोटाला कापड हाय."

मी सांगितलं.

"त्याचं कुत्रं तिच्यावर भुकलं. तो म्हनला, कुत्रं खोटं भुकत न्हाय. पर तो बाईच्या अंगाला हात लावनारा न्हवता. झडती घ्यायला बाई आनतो म्हनला आनि सायकलवर गेला. तिला त्या कोपऱ्यात बसवली, कुत्र्याला म्होरं हुबं केलं. जवानाला म्हनला, म्या येस्तवर कुनी हलायचं न्हाय."

मी अर्ध्यावरच थांबले. आनेके म्हणाली, "सांग." आईही म्हणाली, "सांग."

"गाडीवान माझ्याकडं पळत आला. तू मांडीवर व्हतीस. तुला शेजारी टाकली आनि आले. तर धुरपा कळा देत व्हती. आनि कुत्रं हिकडनं तिकडं, हिकडनं तिकडं. मला जवळ जाऊ देईना. दगड मारले, लागले, रगत निघालं, तरी हलंना. जवान पन भ्याला त्याला. ती हात करायची माझ्याकडं. मदी पाच हात जागा आसंल."

मी तेही सांगितलं.

"मूल झालं. रडलं न्हाय. मग नाकेदार आला, बाईला घिऊन."

आनेकेचा हात पोटावर होता. तिनं विचारलं, मुलगा की मुलगी. मी आईला विचारलं.

"म्या बघितलं न्हाय. धुरपानं पदराखाली घेतलं ते कुनाला दावलंच न्हाय. मागच्या बाभळीखाली पुरलं." मग आई म्हणाली, "नाकेदाराला म्या लई शिव्याशाप दिल्यात. पर तो बाईच हुडकत हिंडत व्हता दुपारभर, हेबी खरं हाय."

बिब्या कोपऱ्यापाशी थांबला, मान वाकडी करून बघितलं, आणि पुन्हा चालायला लागला. मी डोळे मिटून घेतले, पण आवाज येतच होता.

मला वाटलं होतं, आनेके आता त्याच संध्याकाळी निघेल. पण ती म्हणाली, "तुझी मावशी अजून आहे?"

होती. धुरपामावशीला नंतर दोन मुलगे झाले, घरदार चांगलं होतं. लग्नाकार्याला यायची, हसायची, ओव्या म्हणायची. पण माहेरी यायची ती तीन गावांचा वळसा घालून. आम्हा पोरांना वाटायचं, मावशीच्या गाडीचे बैल त्या रस्त्यानं चालत नसतील.

आनेके म्हणाली, "तिला विचारा. ती म्हणाली जा, तर मी जाईन. हे घर तिचं आहे, मला आधी माहीत नव्हतं."

हे वाक्य आईला सांगताना मला मराठीत शब्द सापडेनात. हे घर तिचं कसं? पण आईला बरोबर समजलं.

मार्गशीर्षाची अवस म्हणजे आमच्याकडं येळवस. सगळं गाव रानात जातं. ज्वारीत कडब्याची खोप उभारायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, भज्जी आणि बाजरीचे उंडे आणि आंबील, आणि मग मडकं घेऊन पिकाभोवती आंबील शिंपडत फिरायचं. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. घरं उघडी आणि रानं बोलकी. आईनं बोलावणं धाडलं होतं त्याप्रमाणं धुरपामावशी आली. पुतण्या गाडी हाकत होता. या वेळी गाडी वळसा घालून आली नाही. मी, आई, आनेके, तिघी दालानात उभ्या होतो. गाडी खांबांच्या अलीकडं थांबली, मावशी उतरली आणि चालत आली. हातात आंबिलाचं छोटं मडकं होतं, शेतातून आणलेलं.

तिनं आनेकेकडं पाहिलं, तिच्या पोटाकडं पाहिलं, मान हलवली. मग कुत्र्याकडं वळली.

बिब्या फिरत होता. मावशी त्याच्या वाटेच्या अगदी कडेशी जाऊन उभी राहिली. मी आईचा दंड धरला. मला वाटलं, आता मावशी ओरडेल, किंवा पडेल. तिचे ओठ हलत होते. नंतर समजलं, ती त्याच्या फेऱ्यांबरोबर म्हणत होती, हिकडनं तिकडं, हिकडनं तिकडं. मग एकदम तिचा चेहरा सैल पडला.

"आक्का," ती आईला म्हणाली, "ह्याचं तोंड बघ कुनीकडं हाय."

आम्ही बघितलं.

"त्या कुत्र्याचं तोंड माझ्याकडं व्हतं. दात माझ्याकडं. ह्यो पाठ करून हाय कोपऱ्याला. ह्याचं तोंड भाईर हाय."

खरंच होतं. इतके दिवस आम्ही बघत होतो. तो अधूनमधून वळून आत बघायचा, पण चालायचा तो बाहेर तोंड करून, रस्त्याकडं, खांबांकडं, आमच्याकडं. तो आतलं काही अडवत नव्हता. बाहेरचं आत येऊ देत नव्हता.

"ह्यो आडवत न्हाय. राखतोय," मावशी म्हणाली. "माझ्या लेकराला राखायला कुनी न्हवतं. आता हाय."

मी आनेकेला ते सांगितलं. 

मावशीनं मडक्यातली आंबील ओंजळीत घेतली आणि कुत्र्याच्या फेऱ्याबाहेरून, पिकाला शिंपडतात तशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शिंपडत गेली. बिब्या तिच्या बाजूनं चालला. गुरगुरला नाही. रानातून लोकांचे आवाज येत होते, लांबून, पाण्याखालून यावेत तसे. शिंपडून झाल्यावर मावशी आनेकेपुढं आली आणि आपला ओला हात तिच्या पोटावर ठेवला. "ऱ्हा," ती म्हणाली. ते सांगायला मी तोंड उघडलं तर आनेकेनं मला हातानं थांबवलं.

ती राहिली. यानसाहेबांशी तिचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. कुत्रं बदललं नाही एवढं खरं. पुस्तक मात्र तिनं मला देऊन टाकलं. फाल्गुनात माझं लग्न झालं आणि मी परंड्याला गेले. उन्हाळ्यात आनेकेला सोलापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. माहेरी आले की मी नाक्यावर जायची. दालानात पाळणा टांगलेला असायचा आणि बिब्यानं आपला फेरा वाढवून पाळणा आत घेतलेला असायचा. पोरगी पाळण्यात असो नसो, फेरा तेवढाच. आम्ही सगळे त्याच्या बाहेरून जायचो, जसं काही भिंतच आहे तिथं. कधी कधी पोरगी पाळण्यातून कोपऱ्याकडं बघून हसायची, एकटीच, बराच वेळ. आनेके तेव्हा हातातलं काम थांबवायची, पण उठायची नाही.

धरण पुरं झालं आणि ते निघाले. जाण्याच्या दिवशी बिब्याला बोटीतून नेता येत नव्हतं, म्हाळूचा कळप दुसरीकडं गेला होता. धुरपामावशी गाडी घेऊन आली. मला भीती होती, तो कोपरा सोडणार नाही, त्या जुन्या कुत्र्यासारखा तिथंच बसून मरेल. मावशीनं त्याला हाक मारली नाही. ती कोपऱ्यात गेली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, पुरी आत. भिंतीला टेकून खाली बसली आणि काही वेळानं उठली. पदर हातानं पोटाशी धरलेला होता, काही घेतल्यासारखा. तशीच चालत गाडीत जाऊन बसली. बिब्या तिच्यामागं आला आणि गाडीबरोबर चालायला लागला, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं.

पुढच्या मार्गशीर्षात मी मावशीच्या गावी गेले. धुकं विरायला अजून वेळ होता. ओसरीवर मावशी ज्वारी पाखडत होती. तिच्या पायाशी बिब्या झोपला होता, पाय ताणून, फाटका कान वाऱ्यावर हलत होता. मी आल्याचंही त्याला कळलं नाही. मी बराच वेळ बसले. तो उठला नाही.

मी विचारलं, "मावशी, हितं फिरत न्हाय हे?"

ती सूप थांबवून माझ्याकडं बघायला लागली, मी काही वेड्यासारखं विचारल्यागत.

"आता कशाला फिरंल," ती म्हणाली. "घरी आलंय न्हवं."